दाव्याची गाठ

कुंभकोणमची सकाळ दुधाच्या वासाने सुरू होते. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधे वसलेल्या या गावाची ‘डिग्री कॉफी’ साऱ्या तमिळनाडूत प्रसिद्ध आहे आणि तिची कीर्ती गाईच्या बिनपाण्याच्या दुधावर उभी आहे. देवळांची गोपुरे, महामहम तलाव, विड्याची पाने यांसाठी आलेला प्रवासी ती पितळी पेल्यातून पितो आणि पुढच्या देवळाकडे निघतो. ते दूध ज्या गोठ्यातून येते तिकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. गाव संपून भाताची खाचरे सुरू झाली, की नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेले ते गोठे दिसू लागतात. एखादी गाय, तिचे वासरू, दोन-चार शेळ्या, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. एका कुटुंबाची ही हलती-चालती पुंजी. कोंबड्या सोडल्या तर ती सारी खुंट्याला बांधलेली असते.

एरवी दावे म्हणजे निर्धास्तपणा. दाव्यामुळे गाय शेजाऱ्याच्या भातात शिरत नाही, रात्री चोराच्या हाती लागत नाही आणि पहाटे धार काढायला जागच्या जागी सापडते. परंतु आग लागली किंवा पाणी चढू लागले, की याच दाव्याचा फास होतो. माणूस उठून पळतो, मोकळे कुत्रे पळते, मांजर झाडावर चढते. दावणीचे जनावर मात्र दोरीच्या लांबीएवढेच पळू शकते. पंचनाम्यात मृत्यूचे कारण ‘आग’ किंवा ‘पूर’ असे लिहिले जाते. दोरीचा उल्लेख त्यात कधीच नसतो.

डोंगरी मुलखातले वणवे कावेरीच्या या सपाट, पाणथळ प्रदेशात येत नाहीत. येथील आग लहान असते आणि घरातूनच निघते. पौष-माघात सांबा भाताची कापणी उरकली, की पेंढ्याच्या गंजी गोठ्यालगतच रचल्या जातात. संध्याकाळी डासांनी जनावरे हैराण होऊ नयेत म्हणून ओला पाला आणि गोवऱ्या पेटवून धूर करण्याची रीत आहे. ती महाराष्ट्रातल्या गोठ्यांतही आहे. त्या धुनीतली एक ठिणगी उन्हाळ्याच्या वाऱ्याने उडाली, की वाळलेल्या झावळ्यांना पेट घ्यायला वेळ लागत नाही. कुंभकोणमला हे कोणी सांगावे लागत नाही. १६ जुलै २००४ रोजी येथील एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले प्राणास मुकली. त्या दुःखाशी कशाचीही तुलना होऊ शकत नाही आणि करूही नये. त्यानंतर तमिळनाडूतील शाळांवरची तशी छपरे उतरवण्यात आली. गोठ्यांवरची मात्र राहिली. कारण गरिबाला दुसरे छप्पर परवडत नाही आणि वैशाखात झावळ्यांसारखी थंड सावली पत्र्याखाली मिळत नाही.

पेटत्या गोठ्यातून जनावर बाहेर काढणे हे वाटते तितके सोपे नसते. भेदरलेल्या गाईला ओळखीची जागाच सुरक्षित वाटते. दावे सोडले तरी ती खुंट्यापासून हलत नाही, आणि ओढून बाहेर काढली तरी संधी मिळताच आत धावते. म्हणून जाणती माणसे आधी वासरू बाहेर काढतात. वासरू पुढे गेले, की गाय हंबरत त्याच्या मागे येते. तीही येईना, तर ओले फडके तिच्या डोळ्यांवर बांधून तिला चालवत नेतात आणि गोठ्याकडे परतू नये म्हणून दूरच्या झाडाला बांधतात. हे सारे करायचे ते धुराने डोळे चुरचुरत असताना. अशा वेळी घट्ट आवळलेली गाठ बोटांनी सुटत नाही. गोठ्याच्या मेढीला खोचलेला एक विळा, किंवा एका हिसक्यात सुटणारी सरकगाठ, एवढ्यावर त्या रात्रीचा निकाल लागतो. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती आणि घोडे यांच्या शास्त्रावरील सचित्र ग्रंथ जपून ठेवलेले आहेत. राजाच्या पागेतील जनावरांसाठी पोथ्या लिहिल्या गेल्या. गरिबाच्या शेळीची गाठ कशी बांधावी, हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही.

आगीपेक्षाही या भागाला पाण्याची धास्ती अधिक. कुंभकोणमच्या उत्तरेला कोल्लिडम नदी वाहते. कावेरीला पेलवणार नाही इतके पाणी आले, की ते या रुंद पात्रात सोडले जाते. दूर सेलम जिल्ह्यातले, १९३४ साली पूर्ण झालेले मेट्टूर धरण १२० फुटांपर्यंत भरले, की जास्तीचे पाणी खाली येऊ लागते. कुंभकोणमवर त्या दिवशी ढगही नसतो आणि नदी मात्र फुगलेली असते. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यांना तमिळमध्ये ‘पडुगै’ म्हणतात. जमीन कसदार, गवत हिरवेगार. साहजिकच गुरे तेथेच चरतात आणि काही वस्त्याही तेथेच आहेत. पाणी सोडण्यापूर्वी प्रशासन जो इशारा देते, त्यात ‘जनावरे नदीपात्रात नेऊ नका’ हे वाक्य ठरलेले असते. तरीही २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोल्लिडमला मोठा पूर आला, तेव्हा नदीच्या मुखाकडील मयिलादुतुरै जिल्ह्यातल्या पडुगै वस्त्यांतून माणसांबरोबर गुरेही हलवावी लागली. या प्रदेशाची स्वतःची एक गोजात आहे, उंबळाचेरी. आखूड, मजबूत पायांची ही जनावरे चिखलातल्या भातशेतीसाठीच घडल्यासारखी वाटतात. वासरू जन्मते तांबूस आणि काही महिन्यांत राखाडी होते. कपाळावर पांढरा ठिपका असतो. गुडघाभर चिखलात दिवसभर चालणारे हे जनावर पाण्याला भीत नाही. मोकळे असेल तर ते पोहत काठ गाठू शकते. पण खुंट्याला बांधलेले असेल, तर त्याच्या मजबूत पायांचा काय उपयोग?

आणि येथेच माणसाचा प्रश्न सुरू होतो. मदतकार्याला आलेली नाव दाराशी लागते. घरातली म्हातारी नावेत बसायला नकार देते. बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटतो, अज्ञान वाटते. पण तिच्या गोठ्यातली गाय बचतगटाच्या कर्जातून घेतलेली असते, हप्ते फिटायचे असतात आणि गाय दिवस भरलेली असते. नावेत बसून ती जीव वाचवील, हे तिला कळत नाही असे नाही. त्या वाचलेल्या जिवाने उद्या खायचे काय, हे तिला नावाड्यापेक्षा अधिक कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडील कित्येक शेतकरीही जनावरे सोडून घराबाहेर पडायला तयार होत नव्हते. भाषा वेगळी, नदी वेगळी, पण उंबऱ्यावरचा पेच तोच. जनावराला जागा नसेल, तर त्या नावेत माणसालाही जागा नाही, हे आपत्तीच्या नियोजनाने फार उशिरा ओळखले.

श्रीमंत देशांनाही ते उशिराच कळले. २००५ साली अमेरिकेत कत्रिना वादळ आले. आश्रयस्थानात कुत्री-मांजरे आणण्यास बंदी होती, म्हणून अनेक माणसे बुडत्या घरांतच थांबली. दुसऱ्या वर्षी, २००६ मध्ये तेथे कायदा झाला आणि आपत्तीच्या योजनेत घरातल्या पाळीव प्राण्यांचाही विचार करणे राज्यांना भाग पडले. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव वणव्यात जवळजवळ संपूर्ण जळाले. त्या आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा घोडे, शेळ्या, गाढवे यांना ग्रिडली या गावच्या जत्रेच्या मैदानावर ठेवण्यात आले आणि ताटातूट झालेली कुत्री-मांजरे पुढे कित्येक महिने आपापल्या मालकांना सापडत राहिली.

त्याच महिन्यात, १६ नोव्हेंबरच्या पहाटे, कावेरीच्या मुखाकडच्या किनाऱ्यावर ‘गज’ चक्रीवादळ येऊन धडकले. नागपट्टिनम, तिरुवारूर, पुदुक्कोट्टै आणि तंजावर जिल्ह्यांचा दक्षिण भाग त्याने झोडपून काढला. सुमारे ८० हजार माणसांना आधीच छावण्यांत नेलेले असल्यामुळे माणसांची हानी पुष्कळच कमी झाली. ही व्यवस्था खरोखरच वाखाणण्यासारखी होती. पण छावणी म्हणजे शाळा किंवा मंगल कार्यालय. तेथे गाय न्यायची कोठे? ती गोठ्यातच राहिली, आणि वादळात नारळाची झाडे त्या गोठ्यांवरच कोसळली. कोडियक्करैच्या अभयारण्यातले काळवीट आणि चितळही समुद्रात वाहून गेले. ते मोकळे होते, तरी वाचले नाहीत. दावे सोडले म्हणजे सारे सुटले असे नाही, हेही खरे.

वास्तविक जागेची उणीव कुंभकोणमला भासू नये. देवळांची प्रशस्त आवारे, गुरांच्या बाजाराची मैदाने, कालव्यांचे उंच बांध येथे आहेत. जनावरे एकत्र ठेवून त्यांना चारा-पाणी देण्याची कल्पना मराठी वाचकाला तर मुळीच नवी नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाड्यात आणि अहमदनगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा शेतकरी आपल्या जनावरांजवळ महिनोन्‌महिने पथारी टाकून राहिले. माणूस आणि गुरे एकाच मांडवाखाली राहू शकतात, हे त्या छावण्यांनी दाखवले. फरक एवढाच, की दुष्काळ सांगून येतो आणि हळूहळू येतो. पूर आणि आग यांना तेवढा धीर नसतो. म्हणून कोणत्या वस्तीची गुरे कोणत्या आवारात जातील, हे कोरड्या दिवसांतच ठरलेले असावे लागते.

बाहेर काढलेले जनावर म्हणजे वाचलेले जनावर, असेही नाही. धुराचा त्रास कधी कधी एक-दोन दिवसांनी दिसू लागतो. आचळे आणि खूर भाजलेले असले, तरी ते नजरेआड राहू शकतात. भाजल्या जागेवर स्वच्छ गार पाणी पुष्कळ वेळ सोडत राहावे. तेल, हळद, शाई असे काही चोपडू नये आणि पशुवैद्याला बोलवावे. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आता अनेक राज्यांत चालतो. दुभत्या गाईची धार गडबडीत राहून गेली तर कास सुजते, ही साधी गोष्ट धावपळीत हमखास विसरली जाते. दोन दिवस उपाशी राहिलेल्या गाईपुढे कोणी दयेने पातेलेभर भात ठेवला, तर तिचे पोट बिघडून ती दगावू शकते. तिला आधी पाणी, मग थोडा पेंढा. दयेलाही येथे माहितीची जोड लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या भागाचा मुख्य पावसाळा. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी त्याआधी टोचलेल्या असतील, तर पुरानंतरचे अर्धे संकट टळते.

उरतो तो शोध. मोकळे सोडलेले जनावर दूर कोठेतरी जाते आणि पाणी ओसरल्यावर एकाच गाईवर दोघे हक्क सांगतात. अशा वेळी तिच्या कानातला पिवळा बिल्ला साक्ष देतो. त्यावर १२ अंकी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे मालकाचे नाव नोंदलेले असते. पुष्कळ शेतकऱ्यांना हा बिल्ला नकोसा वाटतो. कानाला जखम होते, चिघळते, अशी त्यांची तक्रार असते आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण भरपाईच्या वेळी तोच उपयोगी पडतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीमागे ४,००० रुपये मदत होती, तीही मृत्यूचा दाखला मिळाल्यावर आणि एका घरात तीन मोठ्या दुभत्या जनावरांपर्यंत. वाहून गेलेल्या गाईचा दाखला कोण देणार? कुत्रा-मांजराचे तर नावही त्या यादीत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी रात्रभर बसून राहणाऱ्या कुत्र्याची किंमत कोणत्या रकान्यात मांडावी, हे यादी करणाऱ्याला सुचले नसावे.

जानेवारीच्या मध्यास, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, या प्रदेशात माट्टुप्‌ पोंगल साजरा होतो; आपल्याकडच्या बैलपोळ्यासारखाच तो गुराढोरांचा सण. गुरांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, गळ्यात माळा बांधतात, गोड भात भरवतात. भोसले राजांच्या काळापासून कावेरीकाठी राहिलेल्या मराठी घरांनाही तो परका नाही. त्या दिवशी गुरांची जुनी दावी आणि वेसणी काढून टाकतात आणि नवी घालतात. कुंभकोणमच्या बाजारात आदल्या दिवशी रंगीत दोरांचे ढीग लागलेले असतात. शेतकरी दोर हाताने ताणून पाहतात, भाव करतात, गुरांच्या संख्येएवढे दोर खांद्यावर टाकून घरी जातात. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात नवे दावे खुंट्याला बांधले जाते. गाठ मारणारा हात क्षणभर थांबतो, दोराचे टोक पुन्हा आतून दुमडून घेतो आणि ते बाहेर लोंबते ठेवतो, अंधारातही सापडेल असे.