मुक्त फेकीचा पुरावा

दरवर्षीं, बहुधा जून महिन्यांत, अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉल-संघ कॉलेजांतील तरुण खेळाडूंची क्रमवार निवड करतात. त्या सुमारास या मुलांच्या नेमबाजीचे आंकडे चाळीत बसण्याचा आम्हांस छंद आहे. ‘तुम्हांला त्याचें काय?’ असें घरांतील मंडळी विचारतात. आमचें उत्तर असें कीं, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचें भवितव्य आंकड्यांवरून कितपत वाचतां येतें, हा प्रश्न ज्यांच्या घरीं गुणपत्रिका येते त्या सर्वांचाच आहे.

वरवर पाहतां काम सोपें वाटतें. लांबून टाकलेल्या शंभर चेंडूंपैकीं ज्याचे अधिक चेंडू कड्यांतून गेले, तो नेमबाज! परंतु शंभर ही संख्याच फसवी आहे. शंभरांत चाळीस फेकी साधणाऱ्याचें खरें कसब, निव्वळ योगायोगाचा हिशेब धरल्यास, तीस ते पन्नास यांच्या दरम्यान कोठेंही असूं शकतें. आणि कॉलेजचा एक हंगाम सहसा याहून फार मोठा पुरावा देत नाहीं. शिवाय अंतरही निराळें. व्यावसायिक मैदानावर तीन गुणांची रेषा कड्यापासून २३ फूट ९ इंच, कोपऱ्यांत २२ फूट. कॉलेजांत ती २००८ पर्यंत अवघी १९ फूट ९ इंच होती. २०१९ मध्यें वरच्या श्रेणींतील पुरुषांसाठीं ती २२ फूट पावणेदोन इंच झाली.

म्हणून जाणते परीक्षक मुक्त फेकीकडे पाहतात. तेथें अंतर दोन्हीकडे सारखेंच, १५ फूट; आड येणारा प्रतिपक्षी नाहीं; जें कांहीं आहे तें मनगट आणि मन. कवाय लेनर्ड यानें सॅन डिएगो स्टेटच्या दोन वर्षांत तीन गुणांच्या फेकी शेंकडा २५ च साधल्या; पण मुक्त फेकींत तो दुसऱ्या वर्षीं शेंकडा ७६ च्या घरांत होता. २०११ सालीं चौदा जण निवडले गेल्यावर त्याची पाळी आली. सॅन अँटोनिओ-संघांत चिप एंगेलंड या शिक्षकानें त्याच्या फेकीवर मेहनत घेतली, आणि पहिल्याच हंगामांत लेनर्डचें प्रमाण शेंकडा ३७ च्या वर गेलें.

उलट मार्केल फुल्ट्झ. वॉशिंग्टन विद्यापीठांत लांबच्या फेकी शेंकडा ४१, मुक्त फेकी मात्र ६५. २०१७ सालीं त्याची निवड सर्वांत आधीं झाली, आणि लवकरच त्याचा नेम हरपला. आंकड्यांचे अभिमानी म्हणतील, ‘मुक्त फेकीनें आधींच बजावलें होतें!’ आम्हांस तसें म्हणवत नाहीं. २०१८ च्या डिसेंबरांत त्याच्या खांद्याजवळील नसांवर दाब येत असल्याचें निदान झालें. तें दुखणें कोणत्या रकान्यांत लिहिलेलें होतें?

आंकडा पाहूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. योग्य आंकडा पाहिला म्हणूनच लेनर्डच्या अंगचें कसब ओळखतां येतें. पण पंचवीसचे सदतीस आंकड्यानें केले नाहींत; ते एका शिक्षकानें आणि एका मुलाच्या कष्टांनीं केले. आंकड्यानें फार तर, कष्ट कोठें फळतील तें दाखवावें. मुलाची किंमत ठरविण्याचा अधिकार त्यास कोणीं देऊं नये.