द्या काय असंल ते

आमच्या घराण्यात कुणी कधी स्वतःच्या कामाचा भाव सांगितला नाही. पणजा गावकीत राबला. त्याला भाव नव्हता, बलुतं होतं. खळ्यावरचं उरलंसुरलं आणि दारातली शिळी भाकरी. हे महार वतन मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. कायद्यानं वतनं गेली ती मात्र १९५८ च्या कायद्यानं. वतन गेलं, पण आज्याच्या तोंडातलं वाक्य काही गेलं नाही. लाकडं फोडून दिली, विहिरीचा गाळ काढला, की मालक विचारायचा, किती द्यायचं रे? आजा मान खाली घालून म्हणायचा, "द्या काय असंल ते."

बाप इचलकरंजीला आला, मागावर उभा राहिला. त्याला पिकावर मजुरी. दर ठरलेला, पण ठरवणारे दुसरेच.

मी सूतगिरणीत बदली कामगार. पाळीच्या टायमाला गेटवर उभं राहायचं. बदली लागली तर रिंगफ्रेमवर, नाही लागली तर पिशवी उचलायची. पिशवीत टेस्टर, पक्कड, छिन्नी. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं हाताला धरून शिकवलं, मग वायरमनची परीक्षा दिली. सहा महिने झाले, जुन्या घरांची वायरिंग बदलायची कामं स्वतः घेतोय. कविता लिहितो ते वेगळं. कवितेचा दर कुणी विचारत नाही.

वायरिंगचा दर मात्र पहिल्याच वाक्यात विचारतात. "पॉइंटला किती?" दिवा एक पॉइंट, पंखा एक पॉइंट, प्लग एक पॉइंट. हा हिशेब नव्या घराला ठीक आहे. तिथं भिंती उघड्या असतात, आत माणूस राहत नाही. जुन्या घरात आधी कपाट सरकवायचं, तांदळाचा डबा सरकवायचं, म्हातारीची खाट हलवायची. रोज संध्याकाळी त्या घराला दिवा आणि पंखा चालू करून द्यायचा, सकाळी परत सोडवायचा. झिरी मारायला घेतली की जुना चुन्याचा गिलावा परातीएवढा खाली येतो. यातलं काय पॉइंटात बसतं? सांगा की.

म्हणून मी दिवस मोजतो. परवा एक घर बघितलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अठ्ठावीस पॉइंट. बोलाचालीचा दर २०० धरला तर ५६०० होतात. आता खरा हिशेब बघा. माझी हजेरी ८००, हेल्परची ५००. झिरी मारून पाइप आणि डबे बसवायला तीन दिवस, वायर ओढायला एक, बोर्ड आणि पंख्यांना दीड, तपासणीला अर्धा. सहा दिवसांचे ७८००. कटरची पाती, ड्रिलची बिटं, गाडीचं पेट्रोल मिळून ९००. झाले ८७००. माल यात धरलेलाच नाही, तो घरमालकानं दुकानातून आणायचा.

मग ५६०० ला काम घेणारा वरचे ३१०० कुठून आणतो? हेल्परची हजेरी तोडतो, नाहीतर अडीचची वायर लागते तिथं दीडची घालतो. शोषण शोषण म्हणून आपण भिंती रंगवतो, आणि हेल्पर म्हणून घेतलेल्या आपल्याच गल्लीतल्या पोराला ३०० वर राबवतो. असला छोटा मालक व्हायला मी गेट सोडून आलो नाही.

कुणी म्हणेल, ही ८०० तरी कुठून काढली? गिरणीत माझ्या हाताला दिवसाला ५३० पडतात. पण गिरणी त्याच्यावर आणखी भरते: फंडाचे १२ टक्के, ईएसआयचे सव्वातीन टक्के. पाच वर्षं पुरी केली तर वर्षाला पंधरा दिवसांची ग्रॅच्युइटी. स्वतःच्या धंद्यात ताप आला तर तो माझा, फंड भरायचा तोही मीच. घर बघायला गेलेला दिवस फुकट, माल तपासायला दुकानात गेलेला अर्धा दिवस फुकट. वीस दिवस काम लागलं तरी पोट तीस दिवसांचं असतं. म्हणून गिरणीच्या दीडपट. यात चैन कुठंय?

हे सगळं मी कागदावर लिहून देतो. झिरी बुजवणं गवंड्याकडं, राडारोडा उचलणं घरमालकाकडं, तेही लिहितो. टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराचा लागतो. मी अजून वायरमन आहे, काम त्याच्या परवान्याखाली होतं. त्याचे पैसे वेगळ्या ओळीत. आणि एक ओळ अर्थिंगची आणि तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची. घासाघीस होते ती नेमकी इथंच. "इतकी वर्षं अर्थिंगशिवाय चाललंच की," म्हणतात. चाललं. तीन पिनच्या सॉकेटाचं वरचं भोक रिकामं, लाकडी पट्टीतल्या वायरचं रबर हात लावला की पिठासारखं गळतंय, आणि बाई ओल्या हातानं मिक्सर लावतेय. ही ओळ खोडायची असली तर काम दुसऱ्याला द्या, मी उठतो. हजेरीत पन्नास कमी करीन, या ओळीत नाही.

कागदाच्या खाली माझं पुरं नाव असतं. काही माणसं आकड्याच्या आधी नाव वाचतात. त्यानंतर त्यांना आकडा मोठा दिसायला लागतो. एका घरात तर हिशेब पटला होता, चहाही सांगितला होता. नाव वाचल्यावर चहा आला, पण प्लास्टिकच्या कपात. भाव मात्र पाचशेनं पाडून मागितला. मी कागद घडी करून खिशात घातला. तो कप तिथंच ठेवला.

हे तर परके झाले. आपल्या माणसांचं काय? वस्तीतला कार्यकर्ता म्हणतो, "जयभीम दादा, आपलंच घर आहे, बघून घे." 'बघून घे' म्हणजे 'द्या काय असंल ते' हेच, फक्त दुसऱ्या तोंडानं. १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याच खात्यात होता. मजूर आणि वीज एका टेबलावर होते. त्यांचं नाव घेऊन वायरमनची मजुरी बुडवायची, हे कुठल्या भाषणात आलंय?

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेची वायरिंग केली. पोरं रात्री बारापर्यंत तिथं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. पैसे घ्यायचेच नव्हते. तरी कागद पुरा केला. चार दिवस, माझी हजेरी, हेल्परची हजेरी, पाती, पेट्रोल, एकूण ५८००. हेल्परचे २००० रोख द्या म्हटलं, आणि उरलेल्या ३८०० ची माझ्या नावानं वर्गणीची पावती फाडा.

खजिनदार पेन धरून बसला. म्हणाला, "दादा, पैसे तर आलेच नाहीत, पावती कशाची फाडू?"

म्हटलं, "मजुरीची. लिहा."

त्यानं तीनदा विचारलं, मग लिहिली. वहीत आता त्या पानावर देणगीदारांच्या यादीत माझं नाव आहे, एका डॉक्टरच्या खाली आणि एका नगरसेवकाच्या वर.