मी अटॅकर नाही

टेबल टेनिसच्या रबरांबद्दलचं माझं मत बदललं आहे, आणि ते चारचौघांत सांगणं भाग आहे, कारण आमच्या क्लबात माझ्या शब्दावर विसंबून महागडी रबरं घेतलेली मंडळी बरीच आहेत. माझा ठोकताळा सोपा होता. आधी शैली ठरवा, मग रबर. अटॅकर असाल तर दोन्ही बाजूंना टेन्सर, स्पंज मॅक्स, म्हणजे सगळ्यात जाड. मागे राहून खेळत असाल तर पातळ स्पंज. लाँग पिंपलचं, म्हणजे उंच दाण्यांच्या रबराचं, नाव कोणी काढलंच, तर मी तोंड वाकडं करायचो.

हा ठोकताळा पुस्तकात शोभेल असाच आहे. गोची अशी की “तू कसा खेळतोस?” असं विचारल्यावर “बचावात्मक” असं उत्तर मला कोणीही दिलेलं नाही. पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले, ऑफिसातून थेट बॅग घेऊन येणारे, सगळे अटॅकर. मीही.

मग एका स्पर्धेत मुलीने माझी मॅच मोबाइलवर टिपली. माझ्या आठवणीतल्या मॅचमध्ये मी टेबलापासून दोन पावलं मागे सरून लूप मारत होतो. पडद्यावरचा गृहस्थ टेबलाला चिकटून उभा होता. त्याने जिंकलेले बहुतेक गुण बॅकहँडच्या ब्लॉकवर आले होते. समोरच्याने जोरात मारायचं, याने बॅट नुसती आडवी धरायची. गेलेले बहुतेक गुण सर्व्हिस घेतानाच गेले होते. आखूड, कट असलेली सर्व्हिस यायची, हा गडी पुश करायला जायचा आणि बॉल नेटवरून वीतभर उंच उठायचा. पुढे काय व्हायचं ते सांगायला नको. लूप होते, नाही असं नाही, पण लग्नात मोजक्याच नातेवाइकांनी नाचावं तितपत.

त्या उंच उठणाऱ्या बॉलने मला विचारात पाडलं. हात चुकत होता, हे खरंच. पण रबर त्यात भर घालत होतं. टेन्सर रबराचा स्पंज ताणलेला असतो. बॉल जरा रुतला की तो त्याला बाहेर फेकतो. जोरात मारणाऱ्याला हे वरदान आहे. हळुवार पुश करणाऱ्याला मात्र नको असलेला जोर आयता मिळतो. त्यातून वरचा पापुद्रा इतका पकड घेणारा, की समोरच्याच्या सर्व्हिसमधली सगळी फिरकी तो अंगावर घेतो. 2008 साली टेनर्जी 05 हे रबर आलं आणि अव्वल खेळाडूंच्या हातात दिसू लागलं, तसं आम्हा हौशींनाही तेच हवंसं झालं. ते लोक दिवसभर सर्व्हिस घ्यायचा सराव करतात, आम्ही संध्याकाळी तासभर येतो आणि त्यातला अर्धा वेळ टेबल मोकळं होण्याची वाट बघतो, हा फरक कोणी लक्षात घेतला नाही. चिकट चिनी रबरांची तऱ्हा उलटी. हरिकेन 3 तुम्हाला आयतं काही देत नाही. खांदा, कंबर, पाय सगळं लावून मारलं तर भयंकर फिरकी, नुसत्या मनगटाने मारलं तर बॉल नेटमध्ये.

मी बॅकहँडचं रबर सोलून काढलं आणि तिथे मार्क व्ही लावलं, 1.8 मिलिमीटर स्पंजचं. हे रबर 1969 सालचं. दुकानदाराने “सर, तुम्ही?” असं विचारलं, तेव्हा मला जरा लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण पुश खाली राहू लागले. ब्लॉक पूर्वीपेक्षा किंचित मऊ पडतो, आणि समोरच्याला तोच जास्त छळतो.

इथवरचं मतपरिवर्तन मानवलं. पुढचं जड गेलं.

आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर काका येतात. बॅकहँडला लाँग पिंपल. मी त्यांच्याशी हरलो की म्हणायचो, “काका, हा खेळ नव्हे, हे रबर खेळतंय.” ते हसून म्हणायचे, “अरे, तुझाच बॉल तुला परत देतो मी. माझं काय जातंय?”

त्यांचं वाक्य अगदी शब्दशः खरं आहे. साधं रबर बॉलला पकडतं आणि त्याचं फिरणं उलटवतं. लाँग पिंपलच्या बारीक, उंच दाण्यांना पकड फारशी नसते. ते वाकतात, आणि बॉल जसा फिरत आला जवळजवळ तसाच फिरत परत जातो. प्रवासाची दिशा बदलल्यामुळे माझा टॉपस्पिन माझ्याकडे येताना कट झालेला असतो. मी जितका जोर लावीन तितका तो कट जड. मी कट दिला तर परत येणारा बॉल हलक्या टॉपस्पिनचा. बिनफिरकीचा लांब बॉल दिला तर काकांना वापरायला काहीच उरत नाही. हे गणित कळायला फार बुद्धी लागत नाही, पण मी ते मांडायलाच बसलो नव्हतो.

“हे रबर खेळतंय” ही तक्रार काही माझी एकट्याची नाही. 1952 साली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो, चष्मा लावणारा, जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. तोवर बॅटला बाहेर दाणे असलेलं, स्पंज नसलेलं रबर असायचं आणि बॉल बॅटला लागल्याचा टक असा आवाज यायचा. सातोच्या बॅटचा आवाजच येत नव्हता. आरडाओरडा झाला, आणि अखेर 1959 साली नियम आला: नुसता स्पंज बाद, रबर आणि स्पंज मिळून जाडी 4 मिलिमीटरच्या आत. म्हणजे ज्या मऊ, गुळगुळीत रबराला मी सभ्य समजत होतो, ते या खेळात मागून आलेलं, आणि दाणेदार रबर जुनं. व्हिक्टर बार्नाने पाच वेळा जागतिक एकेरी जिंकली ती दाण्यांवरच. अर्थात ते दाणे आखूड होते, लाँग पिंपल ही पुढची भानगड.

पिंपलमध्ये फसवणुकीचा भाग होता, नाही असं नाही. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असायच्या तेव्हा बॅट फिरवून कुठल्या रबराने मारलं ते लपवता यायचं. 1986 साली एक बाजू काळी, एक लाल सक्तीची झाली आणि तो प्रश्न मिटला (2021 पासून लालऐवजी दुसरे रंगही चालतात). आता दिसतंय ते पाहायचं, इतकंच. तरी पिंपल म्हणजे कमकुवत खेळाडूचा टेकू असं मी म्हणत राहिलो, डेंग यापिंगने त्यावर चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकल्यावरही. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सांघिक सामन्यात आणि पुन्हा एकेरीत हरवलं. ते सामने मी नीट पाहिले. पिंपलने बॉलची लय मोडायची, समोरची गोंधळली की बॅट फिरवून साध्या रबराने मारायचं. असल्या निर्णयाला क्षणभराचा अवधी असतो. यात टेकू कुठे आहे?

आता कोणी रबर विचारलं की मी शैली विचारत नाही. सर्व्हिस घेताना गुण कुठे जातात, ते विचारतो. उत्तर नसेल तर मॅच मोबाइलवर टिपून आणायला सांगतो. बदल करायचाच असेल तर एका वेळी एकच बाजू, म्हणजे दोष कोणाचा ते कळतं. आणि दाणे लावावेत का, असं विचारणाऱ्याला काकांशी खेळायला पाठवतो.

एका बाबतीत मात्र मी हटलेलो नाही. रबराला बूस्टर चोपडून त्याला जास्त उडवायचा प्रकार नियमात बसत नाही. तरी तो चालतो, आणि करणारे बहुतेक दोन्ही बाजूंना मॅक्स स्पंज लावणारेच असतात. त्यांनी काकांच्या पिंपलला नावं ठेवली की मी आता काकांच्या बाजूने भांडतो. अजून काकांना हरवता येत नाही, ही गोष्ट वेगळी.