तट, पाणपोई आणि अन्नछत्र

इतिहासाच्या पुस्तकांत तुर्की सुलतान सुलेमान भेटतो तो रणांगणावर : १५२६ साली मोहाच येथे हंगेरीच्या सैन्याचा धुव्वा उडविणारा, १५२९ साली व्हिएन्नाला वेढा घालणारा. वर्गात मीही तो असाच शिकवीत आलो. जेरुसलेममध्ये मात्र त्याची निराळी ओळख पटते.

यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही पवित्र असलेले हे नगर १५१६ साली तुर्कांच्या हाती आले, तेव्हा त्याला धड तट नव्हता. १२१९ साली पाडलेला तट तीन शतके तसाच ढासळत पडला होता. सुलेमानाने १५३७ ते १५४१ च्या सुमारास तो नव्याने उभारला. लांबी सुमारे चार किलोमीटर, उंची सरासरी बारा मीटर! उत्तरेचा दमास्कस दरवाजा पाहताना आजही मान वर करावी लागते.

पण सुलतानाने तटाआधी तहान ओळखली होती. बेथलेहेमच्या दक्षिणेकडील तलावांतून पाणी आणणारा जुना नळ त्याने दुरुस्त करविला आणि १५३६-३७ मध्ये शहरात पाणपोया बांधल्या. हरम-ए-शरीफच्या साखळी दरवाजापाशी त्यांतील एक आहे. तिची द्रोणी म्हणजे रोमन काळातील दगडी शवपेटी आणि वरचे चक्राकार गवाक्ष क्रुसेडवाल्यांच्या वेळचे. ज्या शवपेटीत एकेकाळी मृताला ठेवावयाचे, तिच्यातून वाटसरूंची तहान भागू लागली!

१५५२ साली सुलेमानाची पत्नी हुर्रेम हिने येथे अन्नछत्र घातले व त्यासाठी अनेक गावांचे उत्पन्न लावून दिले. रोज सुमारे चारशे गरिबांना सूप आणि भाकरी मिळावी, अशी ती व्यवस्था होती.

पुढे काय झाले? १८९८ साली जर्मन सम्राट भेटीस आला, तेव्हा याफा दरवाजालगतचा तट पाडून वाट रुंद करण्यात आली. तोफांसाठी बांधलेली भिंत पाहुण्याच्या गाडीसाठी फोडावी लागली! पाणपोयाही कालांतराने कोरड्या पडल्या. हुर्रेमच्या अन्नछत्राची चूल मात्र एकविसाव्या शतकातही पेटते आहे.

मोहाचची सनावळी मुलांनी अवश्य पाठ करावी. परंतु त्या सनांच्या शेजारी १५५२ हा आकडाही फळ्यावर लिहावा, असे मला आता वाटू लागले आहे.