हार्ड डिस्क नेमकी कोणासाठी फॉरमॅट करायची?

नवी हार्ड डिस्क संगणकाला जोडली की तो एक प्रश्न विचारतो : फॉरमॅट कोणता हवा? समोर तीन-चार नावे येतात, त्यांतले एक आधीच निवडलेले असते आणि बहुतेक जण फारसा विचार न करता पुढे जातात. रोजच्या संगणकापुरते ते चालूनही जाते. पण तीच डिस्क एखाद्या जुन्या गेम कन्सोलला जोडायची असेल, तर सारे काम या एका उत्तरावर अडते. आदित्य-एल१ची वैज्ञानिक विदा खुली झाल्यापासून 'विदा खुली झाली' हे वाक्य आपण आनंदाने उच्चारतो. 'ती वाचणार कोण आणि कशाने?' हा प्रश्न मात्र मागे राहतो. मला त्या प्रश्नाचे महत्त्व प्रयोगशाळेपेक्षा घरातल्या एका हार्ड डिस्कने अधिक स्पष्ट करून दाखवले, म्हणून हे सविस्तर टिपण.

कन्सोल आहे २००६ साली बाजारात आलेला निन्टेन्डो वी. या यंत्रासाठी हौशी प्रोग्रॅमरांनी, उत्पादकाच्या परवान्याविना, असंख्य आज्ञावल्या लिहिल्या. त्यांना 'होमब्रू' म्हणतात. त्यांची वाट २००८ साली मोठ्या गमतीशीर रीतीने मोकळी झाली. 'झेल्डा' मालिकेतील एका गेमच्या सेव्ह फाइलमध्ये नायकाच्या घोडीचे नाव ठरलेल्या जागेपेक्षा लांब लिहिले, की ते शेजारच्या स्मृतीत सांडे आणि त्या फटीतून बाहेरची आज्ञावली सुरू करता येई. 'लोडर' ही होमब्रूतलीच एक जात. तबकडीऐवजी यूएसबी हार्ड डिस्कवरून गेम चालवणे हे तिचे काम.

मला लोडरची गरज पडली ती बाबांमुळे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात जवळजवळ निकामी झाला. फिजिओथेरपिस्टबाईंनी नेमून दिलेल्या व्यायामांच्या जोडीला ते वीवर बोलिंगचा खेळ खेळतात. रिमोट मनगटाला पट्ट्याने बांधून हात मागे नेणे आणि पुढे आणणे एवढेच त्यात करायचे असते. पण नुसता व्यायाम म्हणून जो हात दहा वेळा हलत नाही, तो खेळात चाळीस वेळा हलतो. अडचण एकच होती. डबीतून तबकडी काढून यंत्रात सरकवायला दोन हात लागतात. आई घरी नसली की गेम बदलता येत नसे. आईबाबा सांगलीला, मी बंगळूरला. तेव्हा घरात होत्या तेवढ्याच, विकत घेतलेल्या तबकड्यांच्या प्रती एका डिस्कवर घ्यायच्या आणि बाबांनी पडद्यावरच्या यादीतून गेम निवडायचा, असे ठरले. (दुसऱ्याच्या प्रती उतरवून घेणे हा प्रताधिकाराचा भंग आहे, त्याचे समर्थन इथे नाही.)

आता मूळ प्रश्न. हार्ड डिस्क ही मुळात क्रमांक दिलेल्या खणांची एक प्रचंड रांग असते. कोणती फाइल कोणकोणत्या खणांत आहे याची नोंद ठेवण्याची शिस्त म्हणजे फाइल-प्रणाली, आणि 'फॉरमॅट करणे' म्हणजे अशी एक शिस्त त्या डिस्कवर लावणे. पर्याय अनेक होते. एनटीएफएस ही १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली प्रणाली. तिच्यात रोजनामा असतो : बदल करण्यापूर्वी त्याची नोंद होते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी प्रणाली स्वतःला सावरते. एक्सफॅट २००६ची, मोठ्या फाइली लीलया सांभाळते, आजच्या कॅमेऱ्यांतल्या मोठ्या क्षमतेच्या कार्डांवर तीच असते. लिनक्सची एक्स्ट-४ही मजबूत. खास वीसाठी हौशी मंडळींनी डब्ल्यूबीएफएस नावाची स्वतंत्र मांडणीही घडवली होती. आणि या सगळ्यांत जुनाट दिसणारी फॅट३२. तिचे मूळ १९७०च्या दशकातले, आजचे रूप १९९६चे.

केवळ गुणांची तुलना केली तर फॅट३२ पहिल्याच फेरीत बाद होते. तिच्यात फाइलच्या आकाराची नोंद ३२ बिटांत होते. म्हणजे एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची असू शकते. वीच्या एकपदरी तबकडीची पूर्ण प्रत ४,६९,९९,७९,७७६ बाइटांची असते. जेमतेम चाळीस कोटी बाइटांनी आपण हद्दीबाहेर जातो! शिवाय रोजनामा नाही. विंडोजची नेहमीची चौकट तर ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी हा पर्याय दाखवतही नाही. त्यासाठी वेगळे साधन घ्यावे लागते. तरीही मी फॅट३२च निवडली.

पहिले कारण यंत्राचे. वीचे काही लोडर एनटीएफएस वाचतात. पण डिस्कवरून सुरू करायच्या इतर होमब्रू आज्ञावल्या आणि जुन्या गेमक्यूबचे गेम चालवणारा 'निन्टेन्डोन्ट' यांना फॅट३२च लागते. एक्सफॅट तर माझा लोडर ओळखतच नाही. चार जीबीच्या हद्दीवर तोडगाही आधीपासून आहे. तबकडीतला पुष्कळसा भाग केवळ भरताड असतो. तो गाळून डब्ल्यूबीएफएस प्रकारची फाइल केली की बहुतेक गेम हद्दीच्या आत बसतात आणि उरलेल्यांची फाइल दोन तुकड्यांत ठेवता येते. लोडर ते तुकडे सलग वाचतो. (ही डब्ल्यूबीएफएस फाइल फॅट३२ डिस्कवर ठेवायची असते. त्याच नावाची डिस्क-मांडणी वेगळी. नावसाधर्म्यामुळे इथे पुष्कळांचा गोंधळ होतो.)

दुसरा मुद्दा खणांच्या गटाचा, म्हणजे क्लस्टरच्या आकाराचा. इथे थोडे गणित करू. ५०० जीबीच्या डिस्कवर ४ केबीचे क्लस्टर केले तर ते सुमारे १२ कोटी २० लाख होतात. फॅट३२च्या सारणीत प्रत्येकाची नोंद ४ बाइटांची, म्हणजे नुसती सारणीच सुमारे ४८८ एमबीची. वीची एकूण मुख्य स्मृती ८८ एमबी आहे! क्लस्टर ३२ केबीचे केले तर सारणी ६१ एमबीवर येते. तीही यंत्राला एकदम स्मृतीत घेणे परवडणारे नाही, ती तुकड्यातुकड्यानेच वाचावी लागते. पण चाळायची नोंदवही आठपट पातळ झाली. मोठ्या क्लस्टरची किंमत अशी, की प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो. चाळीस फाइलींमागे तो एक एमबीही भरत नाही. हजारो लहान फाइली असत्या तर उत्तर वेगळे आले असते. वीच्या मंडळींत ३२ केबीची शिफारस मंत्रासारखी सांगितली जाते. त्यामागचे तर्कशास्त्र एवढेच आहे.

तिसरे कारण मात्र कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. डिस्क पाठवण्याआधी आईने फोनवर विचारले, "काही अडलं आणि मी ती माझ्या लॅपटॉपला लावली, तर चालेल ना? त्यानं काही विचारलं तर काय दाबू?" भौतिकशास्त्राच्या माझ्या साऱ्या शिक्षणापेक्षा हा प्रश्न अधिक नेमका होता. डब्ल्यूबीएफएस मांडणीची किंवा एक्स्ट-४ची डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली की त्याला ती ओळखता येत नाही. तो विचारतो, 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का?' समोरच्या माणसाला तो मदतीचाच प्रश्न वाटतो. एक होकार, आणि सगळ्या नोंदी पुसल्या जातात. फॅट३२ची डिस्क लावली की फाइलींची यादी उघडते, आई ती मला वाचून दाखवू शकते आणि आम्ही फोनवर अडचण सोडवू शकतो.

वीज अचानक जाण्याचे काय? धोका मुख्यतः लिहिताना असतो. बाबांची गेममधली प्रगती वीच्या अंतर्गत स्मृतीत साठते आणि लोडरच्या सेटिंग्ज मी एसडी कार्डावर ठेवल्या. हार्ड डिस्कवर वाचनाखेरीज जवळजवळ काहीच घडत नाही. शिवाय सर्व प्रतींचा मूळ संच माझ्याकडे एक्स्ट-४च्या डिस्कवर आहे आणि प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज वेगळ्या साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेली आहे. सांगलीची प्रत उद्या बिघडली, तर कोणती फाइल बदलली हे काही मिनिटांत कळेल. जपण्याची डिस्क आणि वापरण्याची डिस्क यांची कामे वेगळी, म्हणून त्यांचे फॉरमॅटही वेगळे.

आता आदित्य-एल१कडे येतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेले हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले आणि बरोबर एका वर्षाने, ६ जानेवारी २०२५ रोजी, त्यावरील उपकरणांची विदा इस्रोने 'प्रदान' या संकेतस्थळावरून खुली केली. पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली घडलेल्या 'सूट' दुर्बिणीने टिपलेल्या सूर्यप्रतिमा 'फिट्स' नावाच्या स्वरूपात मिळतात. फिट्स हे फाइलचे स्वरूप आहे आणि फॅट३२ ही डिस्कची मांडणी. दोन्ही वेगळ्या पातळीवरच्या गोष्टी आहेत. पण दोघींमागचा विचार सारखा आहे.

फिट्सचे वर्णन १९८१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा विदा चुंबकीय फितींवरून एका वेधशाळेतून दुसरीकडे जाई. त्याचे शीर्षपृष्ठ आजही ८० अक्षरांच्या ओळींचे असते (ही रुंदी छिद्रपत्रांच्या काळातली), अशा ३६ ओळींचा मिळून २,८८० बाइटांचा ठोकळा होतो आणि कळशब्द आठ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. आजच्या विद्यार्थ्याला हे सारे पुरातन वाटते आणि त्याची तक्रार रास्त आहे. पण या स्वरूपाच्या रक्षकांनी एक पथ्य काटेकोरपणे पाळले : एकदा वैध ठरलेली फिट्स फाइल पुढील कोणत्याही आवृत्तीत अवैध ठरवायची नाही. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजच्या आज्ञावलीत उघडते. आणि शीर्षपृष्ठ साध्या अक्षरांत असल्याने, खास आज्ञावली नसली तरी, वेध केव्हा आणि कोणत्या उपकरणाने घेतला हे डोळ्यांनी वाचता येते.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे. एका संस्थेत, जिचे नाव इथे महत्त्वाचे नाही, एका निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटात १९९०च्या दशकातल्या मोजमापांच्या फिती व्यवस्थित लेबले लावून ठेवल्या होत्या. एका विद्यार्थिनीला तुलनेसाठी नेमकी तीच मोजमापे हवी होती. फिती शाबूत होत्या. त्या वाचणारे यंत्र आणि त्यांची मांडणी जाणणारा माणूस, दोन्ही नव्हते. तिने अखेर छापील प्रबंधातल्या आलेखांवरून मोजपट्टीने आकडे काढले. सार्वजनिक पैशातून झालेले ते काम नष्ट झाले नव्हते, पण वाचकाविना पडून होते. आणि तिच्यासाठी या दोहोंत फरक काहीच नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे : फॉरमॅट निवडताना 'सर्वांत चांगला कोणता?' असे विचारू नये. ही डिस्क, ही फाइल कोण कोण उघडणार आहे याची आधी यादी करावी. त्या यादीतला सर्वांत दुबळा वाचक ज्याने अडणार नाही, तो फॉरमॅट घ्यावा. दुबळा वाचक ८८ एमबी स्मृतीचे यंत्र असेल, जुना लॅपटॉप घेऊन बसलेली आई असेल किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात प्रथमच सूर्याची प्रतिमा उघडणारी विद्यार्थिनी असेल. साधेपणाच्या उणिवा दुसऱ्या प्रतीने, बेरजांनी आणि शिस्तीने भरून काढता येतात. वाचकच नसण्याची उणीव नंतर कशानेही भरून निघत नाही.

ज्यांना वीसाठीच डिस्क तयार करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : एमबीआर विभाजन-सारणी, एकच प्राथमिक विभाग, फॅट३२, ३२ केबी क्लस्टर, सेटिंग्ज एसडी कार्डावर, मूळ प्रती दुसऱ्या डिस्कवर. आणि डिस्कच्या पाठीवर एक कागद चिकटवा. त्यावर फॉरमॅट, तारीख, आत काय आहे आणि संगणकाने फॉरमॅट करू का विचारले तर 'नाही' म्हणावे, एवढे मराठीत लिहा. आमच्या डिस्कवर ते आईच्या अक्षरात आहे.