बुवांचा डावा हात

नोकरीच्या निमित्ताने वसईहून हिंगोलीस आलो आणि इथलाच होऊन राहिलो. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा शेजारच्या बुवांनी आमच्या घरी पेढे आणून दिले होते. बुवा पखवाज वाजवीत. एकादशीला ते संत नामदेवांच्या नर्सीस जात. एकदा मीही त्यांच्यासोबत गेलो आणि त्यांचे भजन कॅसेटवर टिपून आणले. बुवा गेले. त्यांच्या वादनाची तेवढीच एक खूण मागे राहिली.

गेल्या नाताळात परदेशी असलेल्या मुलाने मला ध्वनिक्षेपकांची जोडी आणून दिली. त्यांना खोका नाही, कर्णाही नाही; दाराच्या फळीसारख्या दोन उभ्या चौकटी. आत प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा, त्यावर चिकटवलेली धातूची तार आणि लगत चुंबकांच्या रांगा. तारेतून प्रवाह वाहू लागला की सबंध पडदाच थरथरतो. आवाज इतका स्वच्छ की टाळांचा एकेक नाद निराळा ओळखावा.

फराळाला बुवांचा मुलगा आणि आक्का आल्या. मुलाला मी मानाने खोलीच्या मधोमध खुर्ची दिली. आक्का नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. मी कॅसेट लावली. थोड्या वेळाने मुलगा हळूच म्हणाला, "सर, सगळं ऐकू येतंय, पण बाबांचा डावा हात कुठं गेला?"

मी ओशाळलो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला बुवा किती निगुतीने कणीक लावीत, ते मी पाहिले होते. तो घुमाराच नसेल, तर उरले काय? तोच आक्का म्हणाल्या, "असं कसं? येतोय की घुमारा!" त्यांचा हात समेवर मांडीवर पडत होता. मला वाटले, हे मायेचे ऐकणे आहे. मुलगा उठून त्यांच्याजवळ बसला आणि त्याचेही डोळे भरून आले.

माझ्या मुलाने मग कारण उलगडून सांगितले. अशा पडद्याला मागे पेटी नसते. तो पुढे जितका आवाज टाकतो तितकाच मागेही, पण उलटा. ४० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. चौकटीला सहज वळसा घालून मागची लाट पुढचीला येऊन मिळते आणि दोघी एकमेकींना पुष्कळशा पुसून टाकतात. शिवाय स्वर एक सप्तक उतरला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावे लागते, आणि चुंबकांमुळे तेवढी मोकळीक त्याला नसते. उरलेसुरले आमच्या बारा बाय दहाच्या खोलीने बिघडवले. सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झचे स्वर त्या दोन मापांत अडकून घुमतात. त्यांचा दाब भिंतींपाशी सर्वांत अधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य! मानाची खुर्ची नेमकी तिथेच होती.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोने टिपलेली पहिली लहर सुमारे ३५ हर्ट्झपासून चढत गेली होती, म्हणजे खर्जातूनच. त्याहूनही खालच्या लहरी टिपायच्या, तर जमिनीची बारीकशी थरथरही आड येते. खोलवरचे ऐकायचे, तर यंत्राइतकीच जागाही पारखावी लागते, हे मला आक्कांनी शिकवले.

मी चौकटी भिंतीपासून तीन फूट पुढे ओढल्या. घुमारा थोडा सुधारला. खर्जासाठी वेगळी पेटी जोडली तर तो आणखी भरेल, असे मुलगा म्हणतो. तूर्त घाई नाही. आक्का आल्या की खुर्ची रिकामीच असते. मीही त्यांच्या शेजारी सतरंजीवर, भिंतीला टेकून बसतो.