पत्ते वाटले जातात तेव्हा

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ ऑनलाइन रमीत पावणेतीन लाख रुपये हरला. घरात कळलं तेव्हा तो आईसमोर मान खाली घालून बसला होता. मी मोठा, त्यामुळे भाषण माझ्याकडे. "एवढी कसली हाव रे तुला?" तो म्हणाला, "दादा, हाव नाही रे. जिंकलो तरी फार काही वाटायचं नाही. पत्ते वाटले जायचे ना, तेवढे दोन सेकंद भारी वाटायचं."

तेव्हा मला तो बहाणा वाटला. नंतर डोपामिनबद्दल वाचत गेलो आणि कळलं, की पोरगं अगदी खरं बोललं होतं.

आपण डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणून मोकळे होतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग वेगळंच सांगतात. अचानक रसाचा थेंब मिळाला की माकडाच्या डोपामिन पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. सवय झाल्यावर पेशी दिवा लागताच उसळू लागल्या आणि रस मिळताना गप्प! दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही थंड. २००३ मध्ये त्यांच्याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल, तेव्हा वाट बघण्याच्या त्या काळात पेशी सगळ्यात जास्त सक्रिय असतात.

म्हणजे मिळालं याच्यापेक्षा 'मिळेल का?' याची ओढ मोठी. केंट बेरिज यांनी हाच फरक मांडला: हवंसं वाटणं वेगळं, आवडणं वेगळं. व्यसनात हवंसं वाटणं वाढत जातं, आवडणं मात्र वाढत नाही. दारुड्याला विचारा, तोही सांगेल, "आता मजा येत नाही, पण राहवत नाही."

आता स्वतःकडे बघू. ही पोस्ट टाकल्यावर मी दर पाच मिनिटांनी लाइक बघायला येणार आहे. पुढचं रील चांगलं असेल की फालतू, हे माहीत नसतं, म्हणूनच अंगठा थांबत नाही. भाऊ पैसे हरला म्हणून ते दिसलं. मी रोजची संध्याकाळ हरतोय, त्याचा हिशोब कोण मागणार?

यावर 'डोपामिन डिटॉक्स'चं फॅड आलंय. पण डोपामिन हे काही विष नाही. ते बनवणाऱ्या पेशी मेल्या की पार्किन्सन्स होतो, माणसाला साधी हालचाल करणं जड जातं. ते काढून टाकायचं नसतं. आपली ओढ कोण, कशासाठी वापरतंय ते बघायचं असतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मला बरं वाटलं. पण रील्सवर कायदा येणार नाही आणि यावाही असं मला वाटत नाही. मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं पटतं. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. एकट्याने मनावर ताबा ठेवायचा म्हटलं की दमछाक होते. सगळ्यांचंच बंद असेल, तर आपलं काही चुकतंय ही हुरहूर तरी राहत नाही. गावाने ओळखलेली गोष्ट एवढीच, की संयम हे एकट्याचं काम नाही.

आमच्याकडे भोंगा नाही. सात वाजले की आई पोळ्यांचा रिकामा डबा पुढे करते, सगळ्यांचे फोन त्यात. भाऊ समुपदेशनाला जातो, हप्ते फेडतो. त्या दीड तासात तो आईशी गप्पा मारतो.

आणि डबा वेळेआधी कोण उघडतो? बहुतेक वेळा मीच. म्हणून आता भाषण देत नाही.